डाव्या एक्सलच्या बुटातून गिअर ऑईल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका काकांकडे २०१३ ची महिंद्रा व्हेरिटो डिझेल आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. रोज मोहदरीचा घाट चढून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत जाणं-येणं. दिवाळीपासून पार्किंगच्या फरशीवर, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचे डाग पडायला लागले. पहिल्या मेस्त्रीने एक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, आतल्या बुटाची (रबरी आवरणाची) क्लिप बदलली, आठ दिवसांत डाग परत. दुसऱ्याने बुटात ग्रीस भरून दिलं, दोन-अडीच आठवडे थांबलं आणि मग काळं, पातळ तेल आधीपेक्षा जास्त यायला लागलं. तिसरा म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल. गळती सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले होते. काकांचं विचारणं दोन गोष्टींचं आहे: नक्की काय करून घेऊ, आणि तोवर गाडी चालवू का?

काका, गिअरबॉक्स उतरवू नका. निदान आत्ता नको. तुम्ही शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट जाता जाता, शेवटच्या ओळीत लिहिलीत. मला मात्र सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. का, ते पुढे येईल.

या गाडीचा डावा एक्सल गिअरबॉक्सला जोडलाय तरी कसा, ते नीट समजल्याशिवाय ही गळती कोणालाच सापडत नाही. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत एक्सलच्या आतल्या जॉइंटचा दांडा गिअरबॉक्समध्ये घुसतो, आणि जिथे घुसतो तिथे गिअरबॉक्सच्या भिंतीत ऑईल सील बसवलेलं असतं. तेल अडवायचं काम त्या सीलचं. जॉइंटवर जो रबरी बूट असतो त्यात ग्रीस भरलेलं असतं, दोन्ही टोकांना क्लिपा असतात, आणि बूट एक्सलबरोबर गरागरा फिरतो. बूट फाटला तर ग्रीस जातं, गिअर ऑईलला धक्का लागत नाही. दहातल्या नऊ मेस्त्रींच्या डोक्यात एवढंच चित्र पक्कं असतं.

तुमच्या गाडीत उजव्या बाजूला साधारण असाच प्रकार आहे. डाव्या बाजूला मात्र ही सील असलेली भिंतच नाही. एक्सलच्या टोकाला तीन रोलर असलेला जो स्पायडर असतो, तो थेट डिफरन्शियलच्या (गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) आतल्या गिअरमध्ये जाऊन बसतो. तिथे गिअर ऑईल आहे, तेच तेल त्या रोलरचं वंगण. हे तेल बाहेर येऊ नये म्हणून बुटाचं रुंद तोंड एका गोल प्लेटने, तीन बोल्ट घालून गिअरबॉक्सच्या अंगावर आवळलेलं असतं. अरुंद तोंडात एक छोटं बेअरिंग बसवलेलं असतं. ते एक्सलवर दाबून बसवतात आणि त्यातच सील असतं. म्हणजे बूट जागेवर उभा आणि एक्सल त्याच्या पोटातून फिरतो. विहिरीच्या रहाटाचा कणा फिरतो, खांब उभेच राहतात, तसं.

थोडक्यात, बाहेरून साधा दिसणारा तो रबराचा तुकडा गिअरबॉक्सची शेवटची भिंत आहे. ग्रीस त्याच्या आत कधी नसतंच. आता पहिल्या दोन मेस्त्रींनी काय केलं ते पाहा. एकाने क्लिप बदलली. पण तुमची गळती क्लिपेतून होतच नसेल, ती बेअरिंगच्या सीलमधून होत असेल, तर क्लिप सोन्याची लावली तरी उपयोग नाही. दुसऱ्याने ग्रीस भरलं. थंड, घट्ट ग्रीसने सीलची फट काही दिवस बुजवली. मग गिअर ऑईल गरम होऊन त्यात मिसळलं, ग्रीस विरघळलं, आणि ते सगळं काळं पाणी होऊन बाहेर आलं. तुम्हाला वाटलं गळती वाढली. वाढलीच, शिवाय आतलं तेलही खराब झालं.

त्या दुसऱ्या मेस्त्रीला मी फार बोलणार नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. ही गाडी तशी आपली माहेरवाशीण. महिंद्रा आणि रेनो यांच्या भागीदारीतली लोगन म्हणून २००७ मध्ये आली, आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनायची. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो झाली. सुरुवातीच्या वर्षांत या गाड्या टॅक्सीला भरपूर लागल्या. शिर्डीच्या फेऱ्या मारणारा एक ड्रायव्हर माझ्याकडे डाव्या बुटाची गळती घेऊन आला. मी तेव्हा स्वतःला बराच शहाणा समजायचो. बूट सोडवला, आत तेल दिसलं, म्हटलं सील गेलंय आणि ग्रीस धुऊन गेलंय. सील शोधत बसलो तर सीलच नाही! मग म्हटलं, यांनी सील दिलेलंच नाही वाटतं, आपण ग्रीस ठासून भरू. तीन आठवड्यांनी गाडी आली ती पाचव्या गिअरला भुंग्यासारखा आवाज करत. तेल निम्म्याच्या खाली गेलेलं. ते काम मी पदरचं करून दिलं. त्या दिवसापासून कुठल्याही गाडीचा बूट सोडवायच्या आधी तो फिरतोय की उभा आहे, हे बघायची सवय लागली. मजा म्हणजे लहानपणी ज्या गॅरेजात शिकलो तिथे फियाट उनो यायच्या, त्यांच्या आतल्या बुटांतही गिअर ऑईलच असायचं. उस्तादांनी दाखवलंही होतं. डोळ्यांनी पाहिलेलं हाताला आठवायला गिऱ्हाइकाची गाडी बिघडावी लागली.

आता तुमच्या गाडीचं निदान. काम सुरू करायच्या आधी एक तास यावर घालवा, तो वसूल होतो.

गाडी सपाट जागी घ्या, डावं चाक काढा, आणि गाडी स्टँडवर ठेवा. जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे पन्नास वेळा सांगूनही लोक घालतातच. आता सगळा भाग डिझेल किंवा रॉकेलने ब्रश मारून धुवा, कापडाने पुसा, वाळू द्या. ओल्या, चिखलाने माखलेल्या जागेवर गळती शोधणं म्हणजे पंचवटीच्या गर्दीत हरवलेलं पोर शोधणं. वाळल्यावर बुटावर, प्लेटच्या कडेवर आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगावर टाल्कम पावडर मारा. हो, तोंडाला लावायची तीच. चाक लावून दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि लगेच बघा. पावडरीत ओल जिथून सुरू झालेली दिसते तिथेच चोर आहे. खालचा थेंब कुठून पडतो याला महत्त्व नाही, तेल उताराने वाहतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं.

जागा कोणत्या असू शकतात? बुटाच्या घड्यांच्या खोबणीत चीर असेल, तर तेल त्या चिरेच्या बाजूला दिसतं. घड्या बोटांनी उघडून बघाव्या लागतात, वरून चीर दिसत नाही. प्लेटच्या कडेने ओल असेल तर तीन बोल्टांपैकी एखादा सैल आहे किंवा मध्ये कचरा अडकलाय. बुटाच्या बारीक तोंडाशी, जिथून एक्सल बाहेर पडतो तिथे ओल असेल, तर बेअरिंगचं सील गेलं. या तिसऱ्या प्रकारात आणखी एक खूण सापडते. फिरणारा एक्सल तेल उडवतो, त्यामुळे त्याच्या समोरच्या लोखंडावर, खालच्या आर्मवर आणि वर बॉडीच्या आतल्या बाजूला शिंतोड्यांचा एक पट्टा उमटतो. मला वाटतं तुमच्याकडे हाच पट्टा सापडेल. आणि ओशटपणा चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला, घट्ट काळ्या लोण्यासारखा असेल, तर तो बाहेरचा बूट फाटल्याचा पुरावा. त्याचा या गळतीशी संबंध नाही.

मात्र वरून येणारं तेलही तपासा. या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. त्याचं तेल पाइपातून झिरपून खाली येतं आणि बदनामी बुटाची होते. इंजिन ऑईल वरच्या कव्हरमधून ओघळून मागच्या बाजूने याच कोपऱ्यात जमतं. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र, नाक मुरडायला लावणारा वास असतो, एकदा आला की विसरत नाही. डिझेलचं इंजिन ऑईल काळंकुट्ट असतं आणि त्याला जळका वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं तेल पातळ असतं. तुमच्या बाबतीत ग्रीस मिसळल्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका, वासावर ठेवा.

गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात त्या सांध्याच्या खालूनच तेल टपकत असेल, आणि बूट पावडर मारूनही कोरडा राहत असेल, तर आतलं सील गेलेलं असू शकतं. तेव्हा मात्र तिसऱ्या मेस्त्रीचं बरोबर, गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागेल. पण आधी पावडर.

आता शॉकॲब्सॉर्बरची गोष्ट. तो बदलताना खालचे दोन बोल्ट काढले की चाकाचा अख्खा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळा होतो आणि बाहेरच्या बाजूला लटकतो. त्याला तारेने किंवा दोरीने बांधून ठेवायचं असतं. तसाच सोडला तर तो एक्सलला बाहेर ओढतो. आतला स्पायडर गिअरबॉक्समध्ये कशानेही अडकवलेला नाही, तो नुसता सरकता बसलेला आहे. म्हणून ओढ सगळी बुटावर येते. रबर ताणलं जातं, कधी बेअरिंग एक्सलवर आपल्या जागेवरून थोडं सरकतं, सीलची कड वाकडी होते. त्या क्षणी काही दिसत नाही. काही आठवड्यांनी फरशीवर डाग येतात आणि तोवर शॉकॲब्सॉर्बरचं काम कोणाच्या लक्षातही राहत नाही. दसऱ्याला काम, दिवाळीला गळती, हे मला जमून येतंय. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेलं बेअरिंग तसंही थकलेलंच असणार, त्याला तेवढं निमित्त पुरलं.

तर काम काय करायचं. बूट आणि बेअरिंग एकत्र सेटमध्ये मिळतात, तोच सेट घ्या. नुसतं रबर बदलून जुनं बेअरिंग ठेवणारे आहेत, ते करू देऊ नका. शिंगाडा तलावाकडे स्पेअर पार्टच्या दुकानात विचारताना ‘व्हेरिटो डिझेल, डावा, आतला, बेअरिंगवाला बूट’ एवढं पूर्ण वाक्य बोला. नुसतं ‘एक्सल बूट’ म्हणालात तर दोन क्लिपा आणि ग्रीसची पिशवी असलेलं पाकीट हातात पडेल. ते बाहेरच्या जॉइंटचं. घरी येऊन कळेल आणि परत घेणार नाहीत. जुना बूट काढून नमुना म्हणून नेलात तर उत्तम. सोबत गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचा नवा वॉशर, स्पायडरला एक्सलवर धरून ठेवणारं नवं सर्क्लिप आणि नवा हब नट (एक्सलचं बाहेरचं टोक चाकाच्या हबशी आवळणारा) घ्या. हब नट पुन्हा वापरायचा नसतो. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

पहिलं काम तेल काढणं. काही मेस्त्री गाडीची डावी बाजू उंच उचलतात, तेल उजवीकडे पळतं आणि मग न काढताच बूट सोडवतात. तेल चांगलं असतं तर मीही तसं केलं असतं. तुमच्या तेलात ग्रीस गेलंय, त्यामुळे सगळं काढून टाका. ड्रेन प्लगला चौकोनी भोक असतं, त्याला ८ मिलिमीटरची चौकोनी चावी लागते. ती नसली की लोक छिन्नी-हातोडा घेतात आणि प्लगचा चेहरा बिघडवून ठेवतात. आणि एक नियम: ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा भरायचा प्लग निघतोय याची खात्री करा. तो प्लॅस्टिकचा असतो, जुना झाला की कडक होऊन तुटतो. तेल काढून बसलात आणि भरायचं भोक उघडेना, अशी फजिती रविवारी दुपारी दुकानं बंद असताना हमखास होते.

काढलेलं तेल स्वच्छ पातेल्यात घ्या आणि मोजा. या गिअरबॉक्सला अडीच ते तीन लिटरच्या घरात तेल लागतं. दोन लिटरपेक्षा जास्त निघालं तर सुटकेचा श्वास घ्या. एक लिटरही निघालं नाही तर नवीन तेल भरल्यावर गिअरबॉक्सचा आवाज कान देऊन ऐकावा लागेल. तेलात बोटाला चंदेरी, मऊ लेप लागला तर काळजी नाही, झीज तेवढी होतेच. टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या तर तिथेच थांबा आणि मग गिअरबॉक्स उघडायचा विचार करा. दुधाळ तेल निघालं तर पाणी गेलंय. आणि हो, हे तेल नाल्यात ओतू नका. भंगारवाले डबा भरून घेतात. नासर्डी नदीच्या नशिबी आधीच कमी भोग नाहीत.

मग हब नट. चाक जमिनीवर असताना, कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला असताना तो सैल करायचा. घट्ट असतो, लांब पाइप लावावा लागतो. नंतर चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. एबीएस असेल तर सेन्सरची वायर सोडवा. स्टिअरिंगचा टाय रॉड एंड सोडा, शॉकॲब्सॉर्बरचे खालचे दोन बोल्ट काढा. आता बुटाच्या प्लेटचे तीन बोल्ट. आधी हे तीन बोल्ट काढायचे आणि मगच नकल बाहेर झुकवायचा, हा क्रम उलटा झाला की जे दसऱ्याला झालं तेच पुन्हा होतं. एक्सल आडवा, सरळ धरून बाहेर घ्या. स्पायडरचे रोलर खाली पडू शकतात, आत सुईसारखे बारीक रोलर असतात. ते गॅरेजच्या धुळीत सांडले तर दिवस गेला. बाहेर आल्या आल्या त्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

एक्सल वाइसमध्ये धरल्यावर पुढचं काम शांत डोक्याने करायचं. सगळ्यात आधी व्हर्नियरने मोजा: एक्सलच्या टोकापासून जुन्या बेअरिंगच्या सपाट अंगापर्यंत किती मिलिमीटर अंतर आहे. कागदावर लिहा, भिंतीवर लिहा, पण लिहा. कंपनीच्या पुस्तकात हे अंतर दिलेलं असतं, मिळालं तर त्याच्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर बेअरिंग सरकलेलं होतं, आपला संशय खरा. नवीन बेअरिंग मग पुस्तकातल्या अंतरावर बसवायचं. हे अंतर चुकलं की बूट एक तर कायम ताणलेला राहतो, नाही तर कायम दबलेला, आणि वर्षाच्या आत तीच गळती. माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या अशा गाड्यांत निम्म्यांचं दुखणं हेच निघालं, कोणीतरी अंदाजाने बेअरिंग ठोकलेलं.

स्पायडर आणि एक्सल या दोन्हींवर पंचने किंवा रंगाने खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. सर्क्लिप काढा, तीन पायांच्या पुलरने स्पायडर ओढा, मग बेअरिंगसकट बूट. एक्सल पुसून जिथे बेअरिंग बसतं तिथे नखाने चाचपून पाहा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून घ्या, लांबीच्या दिशेने घासू नका, तेलाला वाट मिळते. नख अडेल एवढी खोबण पडली असेल तर नवं बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही. मग एक्सलच बदलायचा विचार करावा लागतो. भंगारातल्या चांगल्या गाडीचा मिळाला तर तोही चालतो. रोलरही फिरवून, प्रकाशात धरून पाहा. अंगावर खड्डे पडलेले असतील तर स्पायडर नवा घ्या. वेग घेताना गाडीचं नाक थरथरतं ना, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

नवं बेअरिंग प्रेसवर दाबून घ्यायचं. अंबडला किंवा सातपूरला कुठल्याही लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, दहा मिनिटांचं काम. दाब फक्त आतल्या रिंगवर यायला हवा, म्हणून एक्सलपेक्षा जरा मोठ्या आतल्या व्यासाचा पाइप वापरतात. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की बेअरिंग बसतं खरं, पण आतून मोडून. सीलच्या कडेला गिअर ऑईलचं बोट फिरवा. रोलरनाही गिअर ऑईलच लावा. कोणी प्रेमाने ग्रीसचा डबा पुढे केला तर नम्रपणे मागे सारा.

गिअरबॉक्सची जी कड बुटाच्या प्लेटखाली येते ती आरशासारखी पुसा. बुटाच्या रबराची कडच तिथे गॅस्केटचं काम करते. तिथे सिलिकॉनची पेस्ट थापायची गरज नाही. थापली तर तिचे तुकडे आत तेलात पडतात. जुनी पेस्ट आधीच्या कोणी लावलेली असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ॲल्युमिनियमला स्क्रूड्रायव्हर लावू नका. एक्सल आडवा धरून स्पायडर आत सरकवा, बुटाला पीळ पडलेला नाही ना ते बघा, तिन्ही बोल्ट आधी हाताने बसवा आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. छोटे बोल्ट आहेत आणि आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, मनगटाच्या जोरापुढे जाऊ नका. उलट हब नटला अडीचशे न्यूटन-मीटरच्या पुढे ताकद लागते, तो टॉर्क पान्यानेच, पुस्तकातला आकडा पाहून आवळायचा. बाकी जोडणी काढली त्याच्या उलट क्रमाने, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट निघालेत म्हणून शेवटी अलाइनमेंट करून घ्या, एवढंच.

तेल कुठलं? गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८० असं लिहिलेलं सापडेल, जीएल-४ प्रतीचं. दुकानदार ‘हे त्याहून भारी’ म्हणून ९० नंबरचं जीएल-५ गळ्यात मारतात. ते मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलला ठीक. या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही, आणि थंडीत सकाळी पहिला-दुसरा गिअर दगडासारखा पडतो. निफाडकडच्या थंडीत राहणाऱ्यांना तर हे चांगलंच कळतं. गाडी चारही बाजूंनी सपाट ठेवून, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळायला लागेपर्यंत हळूहळू भरा. दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं घाला. गाडी एका बाजूने जॅकवर असताना भरलं तर पातळी चुकते. तुमच्या तेलात ग्रीस गेलेलं असल्यामुळे मी हजारभर किलोमीटरनंतर हेही तेल काढून पुन्हा नवीन भरलं असतं. जरा खर्चिक वाटेल, पण गिअरबॉक्सच्या कोपऱ्यांत राहिलेलं ग्रीस तेवढ्याने निघून जातं.

दोन गोष्टी अजून, ज्या बहुतेक मेस्त्री बघत नाहीत. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला एक छोटा श्वास असतो, ब्रीदर. घाटात तेल तापतं, आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. तो चिखलाने बुजला तर तीच हवा सगळ्यात कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकलते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल तर आधी तो साफ करा. दुसरं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग. बॉनेट उघडून कोणाला तरी हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून गाडी पुढे-मागे नेण्याचा हलका प्रयत्न करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर नाही. इंजिन उडी मारल्यासारखं हलत असेल तर माउंटिंगचं रबर संपलंय. इंजिन जेवढं डोलतं तेवढा एक्सल आत-बाहेर होतो आणि तेवढा बूट ओढला जातो. असं माउंटिंग ठेवून नवा बूट घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणं. सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदलेल्या रस्त्यांवर तर जुनी माउंटिंग आणखी लवकर बोलायला लागलीत.

मेस्त्रीशी बोलताना एक युक्ती सांगतो. त्याला काम सांगू नका, प्रश्न विचारा: ‘डावीकडचा आतला बूट चाकाबरोबर फिरतो का?’ तो म्हणाला फिरतो, तर हसून चहा पिऊन निघा. म्हणाला, ‘नाही, त्याच्यात बेअरिंग असतं’, तर चावी त्याच्या हातात द्या. अनुभवी माणसाला हे काम अर्ध्या दिवसाच्या आतलं आहे. गिअरबॉक्स उतरवायच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, तोवर गाडी चालवू का. आज संध्याकाळी, गाडी थंड आणि सपाट असताना, भरायचा प्लग उघडून करंगळी आत घाला. तेल भोकाच्या कडेला लागलं तर गावातल्या गावात, हळू, चार दिवस चालवा आणि दर दोन दिवसांनी बोट घालून बघा. बोटाचं पेर आत वाकवूनही तेल लागलं नाही तर आधी कडेपर्यंत भरा, मगच गॅरेजपर्यंत न्या. मोहदरीचा घाट मात्र दोन्ही बाबतींत नको. चढावर जोर लागतो, तेल तापून पातळ होतं, गळती वाढते, आणि तेल कमी असलं की बेअरिंगं आणि पाचव्या गिअरची दातेरी चाकं कोरडी पडतात. काम होईपर्यंत सिन्नरला कंपनीच्या बसने किंवा एसटीने जा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा आणि रोज डागाभोवती पेनाने तारखेसकट रेघ मारा. गळती किती वाढतेय ते त्यावरून कळेल. काम झाल्यावर नवा पुठ्ठा टाका, पन्नास किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशेनंतर एकदा बघा. पहिल्या दिवशी एखादा थेंब पडला तर घाबरू नका, सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या लोखंडी सांगाड्याच्या) खाचांत साठलेलं जुनं तेल दोन-तीन दिवस निथळत राहतं.